उद्यानाच्या दारातली जुनी भेळगाडी: कधी जावं, काय सांगावं

ओली भेळ कालवल्यापासून जेमतेम चार-पाच मिनिटं कुरकुरीत असते. पुढे मुरमुरा चिंचेचं पाणी पितो आणि द्रोणात लगदा उरतो. म्हणून नाशिकच्या एखाद्या उद्यानापाशी वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या भेळगाडीवर जायचं, तर बाकी सगळं या चार मिनिटांच्या हिशोबानं ठरवावं.

नाशिकरोड स्टेशनवरून येणाऱ्यांनी शेअर रिक्षा किंवा सिटीलिंकची बस धरून शालिमारला उतरावं. शिवाजी उद्यानाचा परिसर तिथून चालण्याच्या अंतरावर आहे. त्र्यंबक नाक्याकडच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाशी जायचं असेल तर ‘गोल्फ क्लब’ म्हणा, पूर्ण नाव घेतलं तर रिक्षावाला क्षणभर विचारात पडतो. दुचाकी फाटकाच्या तोंडाशी लावू नका. टोइंगची गाडी आली की भेळ सोडून पळावं लागतं.

वेळ साडेपाच ते सातची. त्याआधी गेलात तर बटाटा अजून गरम असतो. गरम बटाट्याची वाफ मुरमुऱ्याला लागून भेळ चिकट होते. रात्री उशिरा गेलात तर फरसाणाच्या डब्याच्या तळाचा चुरा वाट्याला येतो. रविवारी पोरांची झुंबड असते, चवीसाठी जाणाऱ्यानं मंगळवार-बुधवार धरावा. गाडी नेहमीच्या जागी दिसली नाही तर लगेच माघारी फिरू नका. अतिक्रमणवाल्यांची फेरी असली की गाड्या मागच्या गल्लीत सरकतात. शेजारच्या नारळपाणीवाल्याला विचारा, त्याला हमखास माहीत असतं.

पोचल्यावर लगेच ऑर्डर देऊ नका. आधी दोन भेळी कालवताना बघा. कांदा लागेल तसा कापला जातोय का, की दुपारचा कापलेला परातीत पडलाय? दुपारच्या कांद्याला उग्र वास सुटतो आणि पहिल्याच घासाला तो चिंचेच्या वर चढतो. चटणीच्या भांड्यात बारीक बुडबुडे दिसले तर ती आंबली आहे, तिथं सुका भत्ता, म्हणजे ओल्या चटणीशिवायची कोरडी भेळच घ्यावी. आता कालवणाऱ्याचा हात बघा. पातेल्यात आधी मुरमुरे, फरसाण आणि शेंगदाणे पडतात, मग बटाटा-कांदा. त्यावर हिरवी चटणी, लसणाची लाल चटणी आणि सगळ्यात शेवटी चिंच-गुळाचं पाणी. मग पातेल्याच्या कडेवर चमचा टण्‌टण् वाजवत सात-आठ वेळा खालवर. चिंच आधी पडली तर खालचे मुरमुरे भिजतात आणि वरचे कोरडे राहतात. शेव, कोथिंबीर आणि उन्हाळ्यात कैरी ही द्रोणात वाढल्यावर वरून.

पुढच्याची भेळ पातेल्यात पडली की आपली ऑर्डर सांगा, आणि एका दमात: “मामा, एक ओली, मध्यम, चिंच कमी, कांदा जास्त.” कालवून झाल्यावर ‘जरा गोड करा’ म्हटलं की वरून पाणी पडतं आणि भेळ बसते. ‘तिखट’ हा शब्द मात्र जपून वापरा. मिसळीच्या तर्रीवर पोसलेल्या या गावात तिखट म्हणजे डोळ्यांतून पाणी. पहिल्यांदा जाणाऱ्यानं मध्यमच सांगावी आणि मिठात घोळवलेली तळलेली मिरची वेगळी मागून घ्यावी. चौघं असाल तरी चार भेळी एकदम सांगू नका. दोन-दोन सांगा. मोठा घाणा नीट कालवला जात नाही, आणि चौथ्याच्या हातात द्रोण येईपर्यंत पहिल्याची भेळ मऊ पडलेली असते.

सुटे पैसे हातात असू द्या. मोबाईलनं पैसे द्यायचे असतील तर भेळ व्हायच्या आधीच देऊन टाका, कारण रेंज शोधण्यात आपली चार मिनिटं जातात. मग गाडीपासून दोन पावलं बाजूला होऊन उभ्यानंच खा. उद्यानातला बाक गाठेपर्यंत मजा निघून जाते, आणि आत खायला पुष्कळ ठिकाणी मनाई असते. चमच्यापेक्षा पापडीनं उचललेली भेळ चांगली लागते. रिकामा द्रोण बादलीतच टाका, चिंचेच्या वासानं गाई-कुत्री येतात आणि बोलणी गाडीवाल्याला बसतात.

पावसाळ्यात मुरमुरे सादळतात. गाडीवर तापलेली कढई किंवा तवा असेल तर “मुरमुरे जरा परतून घ्या” म्हणायला लाजू नका. तशी सोय नसेल तर त्या दिवशी भेळ राहू द्या, गोदावरीकाठी सोमेश्वरला जाऊन भाजलेलं कणीस खा.

घरी न्यायची असेल तर कालवलेली भेळ कधीच बांधून घेऊ नका. सुकं एका पुडीत, दोन्ही चटण्या आणि चिंचेचं पाणी वेगवेगळ्या पिशव्यांत, कांदा-बटाटा घरचा. दोघांसाठी ४ वाट्या मुरमुरे, १ वाटी फरसाण, अर्धी वाटी शेव, १ मध्यम कांदा आणि १ लहान उकडलेला बटाटा पुरतो. ओलं म्हणून ३ चमचे चिंचेचं पाणी, २ चमचे हिरवी आणि अर्धा चमचा लाल चटणी. बटाटा पूर्ण गार करून घ्या, आणि खाणारे ताटल्या घेऊन समोर बसल्याशिवाय चिंचेच्या पिशवीची गाठ सोडू नका.