लाटणे की पोळपाट? घरगुती कार्यशाळेसाठी लाकडाचा छोटा लेथ निवडताना

लाकूड कातण्यासाठी छोटा लेथ घेऊ पाहणारे बहुतेक जण मोटर किती हॉर्सपॉवरची, हे आधी विचारतात. माझ्या मते तो चौथा प्रश्न असावा. पहिला प्रश्न असा, की आपल्याला लाटणे कातायचे आहे की पोळपाट? लाटण्याचे लाकूड दोन टोकांमध्ये धरतात, म्हणून त्याला लेथची लांबी लागते. पोळपाटाची फळी फेसप्लेटवर, म्हणजे लेथच्या फिरत्या टोकाला लागणाऱ्या सपाट चकतीवर, एकाच बाजूने धरतात, म्हणून तिला लांबी जवळजवळ लागतच नाही, व्यास मात्र पुरेसा लागतो.

विक्रेता ‘दहा बाय पंधरा’ म्हणतो तेव्हा त्यातील पहिला आकडा स्विंगचा असतो, म्हणजे बेडला (लेथच्या खालच्या आडव्या पायाला) न घासता फिरू शकणाऱ्या लाकडाचा इंचांमधील मोठ्यात मोठा व्यास. दुसरा आकडा दोन टोकांमधील अंतराचा. 8 बाय 12 च्या लेथवर पेन, भोवरे आणि पटाशीच्या मुठी उत्तम होतात, पण 14 इंचांचे लाटणे त्यावर बसत नाही. 10 इंची स्विंगवर 9 इंचांचा पोळपाट निघतो. त्याच लेथवर तेवढ्याच व्यासाचा खोल वाडगा निघेल असे मात्र समजू नये, कारण जाड लाकडाखाली टूल रेस्टचा (पटाशी टेकवण्याच्या पट्टीचा) सरकता आधार आला, की हाती असलेला व्यास सुमारे अडीच इंचांनी घटतो. जागा आणि खिसा परवानगी देत असतील, तर 12 बाय 18 च्या आसपासचा लेथ घरासाठी सर्वांत समाधानकारक ठरतो. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील जुन्या घराच्या कठड्याचे दांडे बदलण्याचा बेत असेल, तर बेडला जोड-लांबी मिळते का, हे आधीच विचारावे. वडोदऱ्यात राहणाऱ्याने खरेदीपूर्वी संखेड्याला एक फेरी जरूर मारावी. तेथील खरादी सागवानाचे पाय आणि दांडे कातून त्यांवर लाख चढवताना पाहिले, की लांब काम म्हणजे काय आणि घरच्या लेथकडून कशाची अपेक्षा ठेवू नये, हे चटकन उमगते.

दुसरा प्रश्न गतीचा आहे, आणि तेथे सर्वजण कमाल गती पाहतात. पाहायची असते ती किमान. कातकामातला एक ठोकताळा असा, की लाकडाचा इंचांमधील व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार 6000 ते 9000 च्या दरम्यान राहावा. त्या हिशेबाने 9 इंचांच्या पोळपाटाला साधारण 650 ते 1000 फेरे पुरतात, आणि तोल न साधलेला ओबडधोबड तुकडा प्रथम चढवताना याहूनही कमी हवेत. ज्या लेथची सर्वांत कमी गती 750 आहे, त्यावर असा तुकडा लावला तर टेबल थरथरते आणि कातणाराही. 250 ते 500 पासून सुरू होणारा लेथ निवडावा. गती फिरवण्याचे बटण सोयीचे असते, परंतु केवळ त्याच्या भरवशावर मोटर हळू केली तर तिचा जोर कमी होतो. म्हणून बटणाबरोबर पट्टा दोन-तीन पुलींवर बदलण्याची सोयही असावी. हे जमले, की अर्धा ते पाऊण हॉर्सपॉवर 10 इंची लेथला पुरे.

तिसरा प्रश्न स्पिंडलच्या, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या दांड्याच्या, आट्यांचा, आणि तो मी स्वतः विचारला नव्हता. माझा पहिला लेथ स्वस्त होता, पण त्याचे आटे कोणत्याच प्रमाणात बसत नव्हते. बाजारातला एकही चक (लाकूड जबड्यांत पकडणारा भाग) त्यावर चढला नाही आणि शेवटी खास अडॅप्टर कातून घ्यावा लागला. 1 इंच व्यास आणि इंचाला 8 आटे, किंवा एम 33 बाय 3.5 (33 मिलिमीटर व्यास, आट्यांत 3.5 मिलिमीटर अंतर), यांपैकी एक प्रमाण असेल तर चक आणि फेसप्लेट सहज मिळतात. आतील निमुळते भोक दोन नंबरच्या मोर्स टेपर या ठरीव मापाचे असावे, हेडस्टॉकला (मोटरकडच्या टोकाला) आणि टेलस्टॉकलाही (समोरच्या सरकत्या टोकाला).

आपल्याकडे अनेक घरांत कोणी ना कोणी अमेरिकेत असते आणि तिकडून लेथ आणण्याचा मोह होतो. तिकडची मोटर 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झची असते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरतात, हर्ट्झ नाहीत, आणि साधी इंडक्शन मोटर आपल्या 50 हर्ट्झवर सहाव्या हिश्शाने हळू फिरून अधिक तापते. मागवायचाच असेल तर चक मागवावा, अर्थात आटे जुळवून.

सगळे पैसे लेथवरच संपवू नयेत. चार जबड्यांचा चक, हायस्पीड स्टीलच्या तीन-चार पटाश्या, त्यांना धार लावणारा ग्राइंडर, पूर्ण चेहरा झाकणारी ढाल आणि धुळीचा मास्क यांची बेरीज लेथच्या किमतीच्या जवळ सहज पोचते.

दुकानात गेल्यावर दोन्हीकडे टोकदार सेंटर बसवून टेलस्टॉक पुढे सरकवावा. दोन्ही टोके एकमेकांना नेमकी भिडली पाहिजेत. केसभर फरक चालतो, डोळ्यांना सहज दिसणारा फरक असेल तर तो लेथ सोडून द्यावा. बेड बिडाचा असावा. असा 10 इंची लेथ एकट्याने उचलताना दम लागतो, आणि ते चांगले लक्षण आहे. घरी तो जड टेबलाला बोल्टने घट्ट बसवावा, स्पिंडल आपल्या कोपराच्या उंचीवर येईल असे पाहावे, आणि तरीही थरथर राहिली तर टेबलाच्या खालच्या फळीवर वाळूच्या दोन गोण्या ठेवाव्यात.