मेंदूविज्ञान आणि डेटा सायन्स: करिअरचा पहिला प्रकल्प कसा करावा

पायथन येतं, संख्याशास्त्राची तोंडओळख आहे आणि न्यूरॉन संदेश कसा पाठवतो हे सांगता येतं, एवढं गृहीत धरलं आहे. नसेल तर ते आधी उरकून या. 'आधी चार ऑनलाइन कोर्स करा, मग बघू' हा सल्ला मात्र कानाआड करा. प्रमाणपत्रांची भेंडोळी कुणी उलगडून बघत नाही. मेंदूचा खराखुरा, गोंगाटाने भरलेला डेटा हातात आल्यावर तुम्ही काय करता, हे बघितलं जातं. त्यासाठी एक छोटा, चोख प्रकल्प पुरतो.

१. डेटा घ्या. फिजिओनेट या वैद्यकीय डेटाच्या खुल्या संकेतस्थळावर १०९ जणांचा ईईजी डेटा (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून टिपलेले मेंदूचे विद्युत संकेत) फुकट मिळतो: ६४ इलेक्ट्रोड, सेकंदाला १६० नमुने. एमएनई-पायथन या ईईजीसाठीच्या पायथन लायब्ररीतून तो थेट उतरवता येतो. ८८, ९२ आणि १०० क्रमांकाच्या व्यक्ती वगळा, त्यांचा नमुनादर १२८ आहे. एफएमआरआयचा (मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या स्कॅनचा) मोह पहिल्या प्रकल्पात नको. लॅपटॉप रडकुंडीला येतो आणि आपणही.

२. आधी डोळ्यांनी बघा. प्रत्येकाची पहिली फाइल डोळे उघडे ठेवून घेतलेली आहे, दुसरी मिटून. मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूला ८ ते १३ हर्ट्झची अल्फा लय उसळलेली दिसायला हवी. माणसाचा ईईजी पहिल्यांदा नोंदवणाऱ्या हान्स बर्गरने टिपली तीच ही. काहींमध्ये ती फिकी असते, म्हणून चार-पाच जण पाहा. कुणातच दिसली नाही तर तुमच्या कोडमध्ये गडबड आहे, पुढे जाऊ नका. रेकॉर्डिंग अमेरिकेतलं आहे, त्यामुळे विजेचा गुणगुणाट ६० हर्ट्झला सापडेल. आपल्या सवयीने ५० वर गाळणी लावलेले प्रकल्प मी कितीतरी पाहिलेत. लेखकाने आलेख उघडूनही पाहिला नाही, हे तिथेच कळतं.

३. साफसफाई. १ ते ४० हर्ट्झचा पट्टा ठेवा, पापण्यांची उघडझाप आयसीएने (मिसळलेले संकेत सुटे करणाऱ्या पद्धतीने) काढा. बास.

४. डेटाची वाटणी. इथे थांबा. मला स्वतःला सगळ्यात जास्त झगडायला लागलं ते याच टप्प्याशी, आणि बहुतेक प्रकल्प इथेच मरतात. मरतात ते ९८ टक्के अचूकता मिरवत, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.

समजा, ईईजीवरून आजारी माणूस ओळखणारं मॉडेल करायचं आहे. नेहमीची रीत अशी: प्रत्येकाच्या रेकॉर्डिंगचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे करायचे, सगळे एकत्र कालवायचे, ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के तपासायला. मांजरींच्या फोटोंना हे चालतं. मेंदूच्या डेटाला नाही. कवटीची जाडी, टोपी नेमकी कुठे बसली, अल्फाचा नेमका वेग, मानेचे ताठ स्नायू, या सगळ्यांमुळे प्रत्येकाच्या ईईजीवर त्याचा ठसा असतो. एकाच माणसाचे तुकडे दोन्हीकडे गेले, की मॉडेल आजार ओळखायचं सोडून माणूस ओळखतं. 'हा तुकडा त्या पेशंटचा, म्हणजे आजारी.' परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. या डेटामधल्या लोकांना नाणं उडवून 'गट अ' आणि 'गट ब' अशी खोटी लेबलं द्या, माणसागणिक एक. पहिल्या फाइलचे तुकडे करा, प्रत्येक इलेक्ट्रोडची वेगवेगळ्या पट्ट्यांतली शक्ती काढा आणि रँडम फॉरेस्ट या वर्गीकरण करणाऱ्या मॉडेलला द्या. तुकडे कालवून वाटणी केलीत तर अचूकता ५० टक्क्यांच्या पुष्कळ वर जाईल. लेबलं नाण्याने ठरवलेली असताना! आता सायकिट-लर्नमधलं ग्रुप-के-फोल्ड वापरून एका माणसाचे सगळे तुकडे एकाच बाजूला ठेवा. आकडा ५० च्या आसपास घसरेल. हा घसरलेला आकडा खरा. दोन्ही आकडे शेजारीशेजारी दाखवणारा आलेख तुमच्या प्रकल्पातलं सर्वांत मोलाचं पान आहे.

तरी दोन चोरवाटा उरतात. पहिली: प्रमाणीकरण किंवा वैशिष्ट्यांची निवड वाटणीच्या आधी, सगळ्या डेटावर करणं. हे सगळं सायकिट-लर्नच्या पाइपलाइनच्या आत, म्हणजे फक्त शिकवायच्या भागावर, गेलंच पाहिजे, यात तडजोड नाही. दुसरी जास्त वाईट, कारण ग्रुप-के-फोल्डही तिथे वाचवत नाही: पेशंटचं रेकॉर्डिंग रुग्णालयातल्या एका यंत्रावर, निरोगी मुलांचं कॉलेजातल्या दुसऱ्यावर. मग मॉडेल यंत्र ओळखतं. आजारांचा डेटा घेण्याआधी त्याची माहितीपत्रिका वाचा. दोन्ही गट एकाच जागी, एकाच यंत्रावर नोंदवलेले नसतील तर दुसरा डेटा शोधा.

प्रश्न 'याच माणसाने आत्ता डावा हात हलवल्याची कल्पना केली की उजवा' असा असेल, तर एकाच माणसावर शिकवणं-तपासणं रास्त आहे. फक्त वाटणी तुकड्यांवर न करता रेकॉर्डिंगच्या फेऱ्यांवर करा.

५. मांडणी. कोड गिटहबवर, सोबत दोन पानी टिपण. आकडा ६८ आला तर ६८ लिहा, आणि माणसागणिक तो किती हलतो तेही.

६. पत्र लिहा. मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयसर, बंगळुरूच्या आयआयएससी आणि निम्हान्स, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, या सगळीकडे मेंदूवर काम चालतं. ज्यांचा एक शोधनिबंध खरोखर वाचला आहे अशाच प्राध्यापकांना लिहा: पाच ओळी, प्रकल्पाचा दुवा, एक नेमका प्रश्न. 'आदरणीय सर, मला मेंदूची लहानपणापासून आवड आहे' ही सुरुवात खोडा. पीएचडी करायचीच असेल तर टीआयएफआर आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्राची 'जेजीबील्स' प्रवेशपरीक्षा बघून ठेवा. जीवशास्त्राची पदवी नसली म्हणून तिथलं दार बंद होत नाही. सोबतीने शिकायला न्यूरोमॅच अकॅडमीची ऑनलाइन 'उन्हाळी' शाळा आहे, जुलैत भरते, आपल्याकडे भर पावसाळ्यात. प्रवेश हुकला तरी तिचं सगळं साहित्य खुलं असतं.

खासगी नोकरीबद्दल: 'न्यूरो डेटा सायंटिस्ट' नावाच्या जागा आपल्याकडे मोजक्याच निघतात. झोपेची तपासणी, अंगावर वागवायची उपकरणं, औषधांच्या चाचण्या या बाजूंनी शोधा. मुलाखतीत चौथ्या टप्प्यातला तो आलेख उघडा आणि समोरच्याला विचारा, तुमच्याकडे वाटणी कशी करता?