इंग्रजीतली जुनी वाक्यं 'दुरुस्त' करताय? या चुका टाळा

'गॉड सेव्ह द किंग' दिसलं की बऱ्याच जणांना सेव्हला एस लावावासा वाटतो, कारण शाळेत तेच डोक्यात फिट्ट बसवलेलं असतं. पण देव राजाला वाचवतो असं इथे सांगायचंच नाहीये, देव वाचवो अशी इच्छा आहे. वाचवो, होवो, असो ही रूपं आपण अजून रोज वापरतो, इंग्रजीत मात्र ती मागे पडली आणि लाँग लिव्ह, कम व्हॉट मे, सो बी इट अशा ठरलेल्या शब्दांत तेवढी टिकली, म्हणून त्यातल्या बी चं इज करू नका प्लीज. 'इफ नीड बी' मधला नीड म्हणजे गरज, नाम आहे ते, मधे यू घुसवलं की सगळंच बिघडतं.

लग्नातल्या शपथेत 'टिल डेथ डू अस पार्ट' म्हणतात तिथेही डज नको. मुळात ते 'टिल डेथ अस डिपार्ट' होतं, तेव्हा डिपार्टचा अर्थ वेगळं करणं असाही व्हायचा, तो अर्थ मागे पडला म्हणून इंग्लंडच्या चर्चच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात शब्द बदलले पण जुनी ठेवण तशीच राहिली.

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे मीथिंक्स. लोक त्याच्या आधी आय लावतात, किंवा हे आय थिंकचंच चुकीचं रूप आहे समजतात. तसं नाहीये! यातला इंग्रजी मी (me) म्हणजे 'मला', आणि थिंक्स हे वाटणे या अर्थाचं जुनं वेगळंच क्रियापद, विचार करणे वालं नव्हे. म्हणजे सरळ 'मला वाटतं', अगदी आपल्यासारखी रचना, मराठी माणसाला हे इंग्रजांपेक्षा लवकर कळायला हवं खरं तर. भूतकाळ मीथॉट.

'द मोअर द मेरिअर' मधले द गाळू नका, ते नेहमीचे द नाहीत, जितके-तितकेचं काम करतात.

अनेकवचनात पण गोंधळ होतो. भारताचे आजवरचे ॲटर्नी जनरल असं इंग्रजीत लिहायचं तर ॲटर्नीज जनरल, कारण जनरल इथे विशेषण आहे, आणि विशेषण मागे ठेवायची ही पद्धत 1066 मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांबरोबर आलेल्या फ्रेंचमधली, जी कायद्याच्या भाषेत मुरली. कोर्ट्स मार्शल तसंच.

आणि जुनं वाटावं म्हणून दिसेल त्या क्रियापदाला एथ चिकटवू नका. दाऊ (म्हणजे तू) गोएस्ट, ही (म्हणजे तो) गोएथ, पण आय गो.