परतीचं इंधन आधी, तांदळाची पोती नंतर: बाहेरच्या बेटांवरच्या मिशन उड्डाणाची तयारी

प्रशांत महासागरातल्या मायक्रोनेशिया संघराज्यातलं याप हे सगळ्यात पश्चिमेकडचं राज्य. त्याची बाहेरची बेटं पूर्वेला शेकडो किलोमीटर समुद्रात विखुरलेली आहेत. सरकारी जहाज कधी महिन्याने येतं, कधी त्याहून उशिरा. उलिथी या प्रवाळद्वीपातलं फलालोप, फाइस आणि वोलेआय इथे धावपट्ट्या आहेत. १९७० च्या दशकात एडमंड कालाऊ या जर्मन वंशाच्या मिशनऱ्याने या भागात विमानसेवा उभी केली. ती चालते या धावपट्ट्यांच्या भरवशावर. आजारी माणूस, औषधं, टपाल, शिक्षक, शाळेला सुट्टी लागलेली पोरं, सगळे याच छोट्या विमानातून जातात.

हे मार्गदर्शन अशा एका फेरीच्या तयारीचं आहे: याप ते फलालोप आणि परत. उदाहरणाला विमान घेतलंय ब्रिटन-नॉर्मन आयलंडर. दोन पिस्टन इंजिनं, एक वैमानिक आणि नऊ प्रवासी, उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन २,९९४ किलो. खालचे आकडे पद्धत समजावण्यासाठी आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक विमानाचं रिकामं वजन आणि इंधनाचा खप वेगळा असतो, तो त्याच विमानाच्या पुस्तकातून घ्यायचा.

आधी परवानगी, मग हवामान

बाहेरच्या बेटांवर प्रमुखांचा शब्द चालतो. त्यांची परिषद 'कौन्सिल ऑफ तामोल' म्हणून ओळखली जाते. बेटावर पाहुणा न्यायचा असेल तर होकार आधी मिळवावा लागतो, आणि उतरल्यावर पहिली भेट प्रमुखाची. ही औपचारिकता समजून टाळली तर पुढच्या खेपेला धावपट्टीवरचं गवत कापायला माणसं मिळत नाहीत. त्यात त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही. ही बेटं बहुतांशी कॅथलिक आहेत, विमान मात्र दुसऱ्या पंथाच्या मिशनचं असू शकतं. म्हणून जागावाटपाचा क्रम लिहून भिंतीवर लावावा: रुग्ण, रुग्णासोबतचा माणूस, आरोग्यसेवक, मग बाकीचे. कोण कुठल्या चर्चला जातो, हा रकाना यादीत नकोच.

सकाळी बेटावरच्या रेडिओवाल्याला विचारायचे प्रश्न ठरलेले असावेत. 'हवा कशी आहे?' असं विचारलं की 'छान' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारावं: वाऱ्याचा मोजा कुठल्या बाजूला फुगलाय, पूर्ण ताठ आहे की अर्धा लोंबतोय? शेजारचं बेट स्पष्ट दिसतंय का? रात्री पाऊस पडला का, धावपट्टीवर डबकी कुठे साचलीत? गवत घोट्याच्या वर गेलंय का? डुकरं बांधलीत का?

इंधनाचा हिशोब

बेटावर इंधन नाही असं धरून चालायचं. जवळपास इंधन मिळेल असा दुसरा विमानतळही नाही. त्यामुळे पर्यायी विमानतळ म्हणजे जिथून निघालो तेच याप, आणि निघतानाच परतीचं इंधन टाकीत हवं.

अंतर सुमारे १०३ सागरी मैल. विमानाचा वेग १३० नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), समोरून २० नॉटचा वारा, खप ताशी ११० लिटर. जाताना जमिनीसापेक्ष वेग ११० नॉट, म्हणजे ५६ मिनिटं. येताना १५० नॉट, म्हणजे ४१ मिनिटं. जाताना अडवणारा वारा येताना तेवढाच ढकलेल आणि हिशोब फिटेल, असं वाटतं. तसं होत नाही. वारा नसता तर ९५ मिनिटं लागली असती, वाऱ्यात ९७ लागतात, कारण अडवणाऱ्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं. वारा वाढेल तसा हा फरक झपाट्याने वाढतो.

आता लिटर: इंजिन सुरू करून धावपट्टीपर्यंत जाणं १५, जाणं १०३, येणं ७५, प्रवासावर दहा टक्के जादा १८, बेटावर सर आली तर २० मिनिटं घिरट्या घालायला ३७, आणि शेवटची ४५ मिनिटांची राखीव ८३. बेरीज ३३१ लिटर. अॅव्हगॅस, म्हणजे पिस्टन इंजिनाच्या विमानाचं पेट्रोल, लिटरला ०.७२ किलो भरतं, म्हणजे २३८ किलो.

यातून घड्याळातल्या दोन वेळा काढून गुडघ्यावरच्या पाटीवर लिहाव्यात. पहिली परत फिरण्याची. राखीव ४५ मिनिटांना हात न लावता बेटावर थांबायला २० आणि जादातली १० अशी ३० मिनिटं मिळतात. बेटावर दहा वाजता पोहोचलात आणि धावपट्टी सरीखाली झाकलेली असेल, तर साडेदहाला नाक यापकडे वळलेलं हवं. 'आता उघडेल' या आशेवर थांबलेली पाच मिनिटं राखीव इंधनातून कापली जातात. दुसरी वेळ इंजिन बिघडलं तर कुठे जायचं हे ठरवणारी. अंतराला परतीच्या वेगाने गुणून दोन्ही वेगांच्या बेरजेने भागा: १०३ × १५० ÷ २६० = सुमारे ५९ मैल. निघाल्यापासून ३२ मिनिटांनी हा बिंदू येतो. त्याच्या अलीकडे याप वेळेने जवळ, पलीकडे बेट. मधोमध ५१ मैलांवर निर्णय बदलणारे फसतात, कारण वाऱ्यामुळे मध्य पुढे सरकलेला असतो.

बेटावर दिवे नाहीत. विषुववृत्ताजवळ सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटांत अंधार होतो. म्हणून बेटावरून निघण्याची शेवटची वेळ यापच्या सूर्यास्तावरून उलटी मोजायची आणि ती प्रवाशांनाही आधी सांगून ठेवायची. निरोपाच्या गर्दीत एक तास सहज जातो.

ड्रममधलं इंधन

तळावर इंधन २०० लिटरच्या ड्रममधून येत असेल तर सगळ्यात मोठा धोका पाण्याचा. ड्रम उभा ठेवला की वरच्या कडेत पावसाचं पाणी साचतं. दिवसा ड्रम तापतो, आतली हवा बाहेर पडते. रात्री थंड झाला की तो श्वास आत घेतो आणि बुचाच्या आट्यांतून साचलेलं पाणी ओढतो. ड्रमचं सील शाबूत दिसतं, पण आत पेलाभर पाणी असतं. म्हणून ड्रम आडवा ठेवावा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे ती आतून इंधनात बुडालेली राहतात आणि हवा आत-बाहेर होत नाही.

वापरण्याआधी ड्रम उभा करून एका बाजूखाली फळी सरकवून किंचित तिरपा करा आणि तासभर हलवू नका. अॅव्हगॅसमधलं पाणी खाली बसायला फूटभर खोलीला पंधरा मिनिटं लागतात आणि ड्रम जवळजवळ तीन फूट उंच असतो. पंपाची नळी तळापासून चार-पाच सेंटिमीटर वर राहील अशी, आणि ड्रमच्या उंच बाजूला घाला. खालचं इंधन सोडून द्यायचं. ते बोटीच्या इंजिनाला कुणीतरी मागून नेतंच, पण 'पाणी आहे' हे सांगून द्या. ड्रम, पंप आणि विमान तारेने जोडल्याशिवाय पंपाला हात लावू नका. वाहत्या इंधनात स्थिर वीज तयार होते.

भरल्यावर प्रत्येक टाकीच्या तळातून काचेच्या भांड्यात नमुना काढा. अॅव्हगॅस निळसर दिसतं, पाणी तळाशी थेंबाथेंबाने गोळा होतं. फसवणूक इथे होते: भांडं पूर्ण पाण्यानेच भरलं तर दोन थरांमधली रेघच दिसत नाही आणि नमुना स्वच्छ वाटतो. म्हणून रंग पाहा, वास घ्या. जेटचं इंधन मिसळल्याची शंका आली तर पांढऱ्या कागदावर थेंब टाका. अॅव्हगॅस उडून जातं, जेट इंधन तेलकट डाग सोडतं.

वजन आणि गुरुत्वमध्य

रिकामं विमान, तराफा आणि जीवरक्षक जाकिटं धरून १,९५० किलो, वैमानिक ८५, इंधन २३८. कमाल वजनातून वजा केलं की ७२१ किलो उरतात. हा आकडा आधी फळ्यावर लिहा, मगच पोती मोजायला घ्या. उलट क्रमाने गेलं की शेवटी इंधनच कमी करायचा मोह होतो.

प्रवाशांना विचारून वजन घेऊ नका. प्रत्येकाला हातातल्या सगळ्या सामानासकट काट्यावर उभं करा. सुपारीची पिशवी, पोरगं आणि खांद्यावरची बॅग काट्यावर चढल्यावरच खरा आकडा कळतो. वजन मोठ्याने पुकारू नका, फक्त लिहा. चार प्रवासी मिळून ३४०, तांदळाची ५० पौंडांची (२२.७ किलोंची) दहा पोती २२७, बोटीचं इंजिन ५०, औषधं ३०, टपाल १०: झाले ६५७. उरलेल्या ६४ किलोंवर बाहेर उभ्या असलेल्या दहा माणसांचा डोळा असतो. आणखी पोतं टाकण्याआधी उतरतानाचं कमाल वजनही तपासा. काही विमानांत ते उड्डाणाच्या मर्यादेपेक्षा कमी असतं आणि इतक्या छोट्या पल्ल्यात इंधन जळून जेमतेम ८५ किलो कमी होतात.

वजन मर्यादेत असूनही विमान पडू शकतं, जर ते मागे भरलं असेल तर. ८० किलोंचा माणूस अडीच मीटर मागे बसवला तर २,९०० किलोंच्या विमानाचा गुरुत्वमध्य सुमारे ७ सेंटिमीटर मागे जातो. पूर्ण भारात त्याला हलायला मिळणारी जागा वीतभरही नसते. मागे झुकलेलं विमान उडताना हलकं, गोड वाटतं. नाक उचललं की ते उचललेलंच राहतं आणि स्टॉलमधून (पंखांची उचल सुटते त्या अवस्थेतून) बाहेर काढायला शेपटीची ताकद पुरत नाही. म्हणून जड माल पुढे आणि खाली, हलका मागे. चढल्यावर 'मी खिडकीजवळ बसतो' ही अदलाबदल चालणार नाही.

पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या नऊपट जोर येईल असा आडाखा धरून जाळी आणि पट्टे कसावेत. २५ किलोंच्या पेटीसाठी हा जोर २२५ किलोंचा. बोटीच्या इंजिनातलं पेट्रोल पूर्ण काढून टाका, वास राहिला तरी नेऊ नका. येताना माशांच्या पेट्या असतात. झाकणं चिकटपट्टीने बंद करा आणि खाली ताडपत्री घाला. गळणारं खारट पाणी फरशीखाली जाऊन महिनाभराने धातू खातं.

बेटावरून उड्डाण

पुस्तकातलं अंतर कोरड्या, कठीण, सपाट धावपट्टीचं असतं. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने छोट्या विमानांसाठी दिलेले गुणक इथे कामाचे आहेत. ५० फूट उंची गाठायला पुस्तक ३७० मीटर म्हणत असेल, तर १५ ऐवजी ३० अंश तापमानासाठी १.१५, छोट्या ओल्या गवतासाठी १.३ आणि वर सुरक्षेचा १.३३ लावा. गुणक बेरजेने नाही, गुणाकाराने लागतात: सुमारे ७३६ मीटर. जवळजवळ दुप्पट. माती मऊ असेल तर आणखी. मऊ जागा शोधायला धावपट्टी चालून पाहा आणि टाच रोवा. रुतली तर तिथे काठी उभी करा.

उतरण्याआधी एकदा खालून जाऊन पाहावं. पोरं, कुत्री, सायकल, वादळानंतर पडलेले नारळ. मार्च २०१५ च्या अखेरीस उलिथीवर आलेल्या मायसाक वादळासारखं काही होऊन गेलं असेल तर बेटावरच्या माणसाने 'साफ आहे' म्हटल्यावरही पुन्हा विचारावं: 'टोकापासून टोकापर्यंत चाललात का?'

रुग्ण आणि पाणी

स्ट्रेचरला दोन ते तीन जागा लागतात, तेवढे प्रवासी आधीच कमी करा. उंचीवर शरीरात अडकलेली हवा फुगते. ५,००० फुटांवर सुमारे वीस टक्क्यांनी. छातीत हवा साठलेला, आतडं तुंबलेला किंवा नुकताच खोल बुडी मारून वर आलेला माणूस असेल तर डॉक्टरशी बोलून शक्य तितकं खालून जा, पाणबुड्यासाठी १,००० फुटांच्या आत. खालून गेलं की ढग आणि वारा बदलतात. इंधनाचा हिशोब पुन्हा करा.

जीवरक्षक जाकीट बसतानाच अंगात घालायचं, फुगवायचं मात्र विमानाबाहेर पडल्यावर. आत फुगवलं तर पाणी भरलेल्या केबिनमध्ये माणूस छताला चिकटतो आणि दारापर्यंत खाली जाऊच शकत नाही. हे प्रवाशांच्या भाषेत, हाताने दाखवून सांगा. तराफा दाराजवळ, कशाच्याही खाली नाही. संकट-संदेश देणारा छोटा यंत्रसंच वैमानिकाच्या अंगावर हवा, बॅगेत नाही. आयलंडरची चाकं आत जात नाहीत, त्यामुळे पाण्यावर उतरताना नाकावर आपटण्याची शक्यता जास्त. टेकण्याआधी दारं उघडून अडकवा आणि लाटांच्या रांगांना समांतर उतरा.

मिशनच्या विमानात उड्डाणाआधी प्रार्थना करण्याची पद्धत आहे. ती इंजिन सुरू करण्याआधी किंवा तपासणीयादी पूर्ण झाल्यावर करावी, अध्येमध्ये नाही. यादी कुठल्याही कारणाने तुटली तर पहिल्या ओळीपासून पुन्हा.

परतल्यावर

प्रवाळ बेटांवर गोडं पाणी पावसाचं, मोजकं. विमान धुवायला तिथे मागू नका, यापला धुवा, त्याच दिवशी. साध्या नळीने, दाबाच्या फवाऱ्याने नाही, कारण दाबाने खारं पाणी सांध्यांत आणि बेअरिंगमध्ये आणखी आत घुसतं. पोटाखाली, चाकांभोवती, फ्लॅपच्या (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांच्या) बिजागऱ्यांवर, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर जास्त वेळ द्या. पाणी निघून जायची खालची छोटी भोकं तारेने मोकळी करा. ती बुजली की विमान आतून खाऱ्या पाण्याची बादली होतं. नियंत्रणाच्या तारांवरून कापड फिरवा. कापड कुठे अडलं तर तिथली एक पीळतार तुटली आहे. शेवटी आसनांचे रूळ आणि बॅटरीची पेटी उघडून पाहा. तिथे दिसलेली पांढरी भुकटी म्हणजे अॅल्युमिनियमला लागलेला गंज. ती पुसून रंग लावू नका, वहीत जागा आणि तारीख लिहा आणि मेकॅनिकला दाखवा.