सिगार ओलसर, पण हायग्रोमीटर म्हणतो सगळं ठीक

मुंबईतला जुलै. ह्युमिडॉरमधला (सिगार ठरावीक ओलाव्यात ठेवायच्या पेटीतला) सिगार दाबला की स्पंजासारखा दबायचा, झुरका जड जायचा, एकाच बाजूने जळून अर्ध्यावर विझायचा. हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) मात्र निवांत ६६ टक्के दाखवत होता. सिगारवरचं सेलोफेनचं पारदर्शक वेष्टन काढून पाहिलं. फरक शून्य, उलट एक-दोघांचं बाहेरचं पान टोकाशी उकललं. पेटी एसीच्या खोलीत हलवली, तेही व्यर्थ. डोकं फिरायची वेळ आली.

उत्तर मिठात सापडलं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यावर पाण्याचे थेंब, ओल्या वाळूइतकंच भिजवा, विरघळू देऊ नका. झाकण आणि हायग्रोमीटर झिपलॉक पिशवीत दिवसभर बंद ठेवा. ओल्या मिठामुळे बंद पिशवीत आर्द्रता ७५ टक्के राहते, म्हणून आकडा ७५ यायला हवा. माझा ६७ आला, म्हणजे ८ ने कमी. पेटीत तो ६६ दाखवत होता तेव्हा खरी आर्द्रता ७४! मग डिस्टिल्ड वॉटरचा स्पंज काढला, ६२ टक्क्यांची टू-वे पाकिटं ठेवली (ती ओल सोडतात, तशी जादा ओल शोषूनही घेतात) आणि पेटी उगाच उघडणं थांबवलं. काही आठवड्यांत सिगार सरळ जळू लागले.

सेलोफेन आता राहू देतो. त्यातून बाष्प जातं, फक्त सावकाश. पान शाबूत राहतं, वास मिसळत नाहीत. ते पिवळं पडलं तर घाबरू नका, तंबाखूच्या तेलाचा रंग असतो तो. सिगार ॲल्युमिनियमच्या नळीत असेल तर तिचं झाकण मात्र सैल करा.