गांजा सुकवताना आणि क्युअर करताना वास कसा टिकवायचा

बड्स, म्हणजे गांजाची फुलं, टांगले की दोन दिवसांत घरभर वास सुटतो आणि लोक खूश होतात, काय जबरदस्त माल आलाय म्हणून. पण नाकाला जो वास येतोय तो बडमधून उडून चाललेला वास आहे, आणि एकदा हवेत गेला की तो काही परत बरणीत येत नाही. त्यामुळे खालची प्रत्येक स्टेप, सुकवणं असो की क्युअर करणं (म्हणजे सुकलेला माल बंद बरणीत मुरवणं), वाचताना एकच हिशोब डोक्यात ठेवा, इथे वास किती उडतोय आणि तो कमी कसा करता येईल.

आधी कायद्याचं. हे सगळं जिथे घरी झाड लावणं कायदेशीर आहे तिथल्यांसाठी आहे, उदा. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून एका प्रौढ माणसाला ३ झाडं लावता येतात, कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी ४. भारतात १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार घरी झाड लावणं हा गुन्हा आहे, त्यात पळवाट वगैरे शोधत बसू नका.

आता वास नेमका असतो कुठे? फुलांवर आणि फुलाजवळच्या छोट्या पानांवर जे चमकणारे दाणे दिसतात ते ट्रायकोम, त्यांच्या डोक्यात चिकट राळ असते आणि त्या राळेत टर्पीन, म्हणजे वास देणारी, सहज उडणारी संयुगं. मायरसीन, लिमोनीन, पायनीन हे हलके टर्पीन, लिंबू, पाइन, ताजं फळ असे जे वास येतात ते बहुतेक यांचे आणि हेच सगळ्यात आधी पळतात. कॅरिओफायलीनसारखे जड टर्पीन जास्त टिकतात, म्हणून जुना झालेला माल नुसता मसालेदार, लाकडासारखा वास मारतो आणि वरचा ताजेपणा गायब असतो. काही जण म्हणतात मायरसीन १६७ डिग्रीला उकळतं मग खोलीत २८ डिग्री असले तर काय फरक पडतो, अहो पाणी १०० डिग्रीला उकळतं तरी दोरीवरचे कपडे वाळतातच की. मिसिसिपी विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९६ मध्ये हे मोजून दाखवलं होतं, ताज्या बड्समधलं सुगंधी तेल आठवडाभर सुकवल्यावर साधारण ३१ टक्के कमी झालं, महिन्याने ४५ टक्के आणि तीन महिन्यांनी ५५ टक्के. म्हणजे थोडं जाणारच. आपण फक्त त्याचा वेग कमी करू शकतो.

कापणी. ट्रायकोम दुधाळ झाले, थोडेफार अंबर (सोनेरी-तपकिरी) व्हायला लागले की कापायचं, आणि कापायचं ते घरात दिव्याखाली झाड असेल तर लाइट चालू व्हायच्या आधी किंवा बाहेर झाड असेल तर पहाटे, कारण ऊन आणि दिव्याच्या उष्णतेने दिवसभर टर्पीन उडत असतात. पाऊस किंवा दव असेल तर मात्र पाणी निघून जाईपर्यंत थांबा, ओलं झाड आत आणलं की बुरशीला आमंत्रणच. फांदी देठाला धरा, बडला हात लावू नका. बोटाला जी राळ चिकटते ना, ती बडवरून गेलेली असते.

मग ट्रिम, म्हणजे पानं छाटणं, आत्ता करायचं का सुकल्यावर? माझं मत स्पष्ट आहे, वासासाठी सुकल्यावर. मोठी हाताएवढी पानं आत्ता काढून टाका, पण बडला चिकटलेली छोटी पानं राहू द्या, ती सुकताना आतल्या बाजूला वळतात, बड झाकला जातो आणि सुकण्याचा वेग कमी होतो. अपवाद एकच, खोलीत ह्युमिडिटी जास्त असेल आणि खाली आणता येत नसेल तर ओलं असतानाच ट्रिम करा आणि छोट्या फांद्या करून टांगा, कारण वास गेला तर वाईट वाटेल पण बुरशी लागली तर सगळंच फेकायचं आहे. उलट हवा कोरडी असेल तर अख्खं झाड उलटं टांगा, देठातलं पाणी हळूहळू बडकडे येत राहतं आणि दोनचार दिवस जास्त मिळतात.

आता सुकवणं, खरा खेळ इथेच आहे. लोक ६०-६० चा नियम सांगतात, त्यातले पहिले ६० फॅरनहाइट आहेत हे लक्षात घ्या, म्हणजे साधारण १५ ते १६ डिग्री सेल्सिअस आणि ६० टक्के ह्युमिडिटी. एवढं गार सगळ्यांना जमत नाही, १८ ते २० डिग्री आणि ५५ ते ६० टक्के मिळालं तरी उत्तम काम होतं. खोलीत पूर्ण अंधार हवा. फॅन हवा, पण त्याचं तोंड भिंतीकडे, बड्सवर थेट वारा लागला की बाहेरून दोन दिवसांत कुरकुरीत आणि आत ओलं असं होतं, आणि फांद्या वाऱ्याने हलत असतील तर फॅन जास्त आहे एवढं सोपं समजायचं. एसी लावला तर तापमान उतरतं पण सोबत ह्युमिडिटीही उतरते, डीह्युमिडिफायर लावला तर ह्युमिडिटी उतरते पण खोली तापते, त्यामुळे एक मशीन चालू केलं की दुसऱ्या आकड्याकडे बघायचं. कार्बन फिल्टरने शेजाऱ्यांना वास जाणार नाही, बस, बडमधला वास त्याने वाचत नाही. माल थोडाच असेल तर पुठ्ठ्याचा मोठा खोका घ्या, बाजूंना भोकं पाडा, आत दोऱ्या बांधून टांगा, खोक्यात वारा लागत नाही आणि अंधारही असतो.

एवढं सगळं ज्या हायग्रोमीटरच्या, म्हणजे ह्युमिडिटी मोजणाऱ्या मीटरच्या, भरवशावर चाललंय तो खरं बोलतोय का हे बघायला विसरू नका, स्वस्तातले बरेच मीटर चारपाच टक्के इकडेतिकडे असतात. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी टाका, मीठ विरघळायला नको, फक्त भिजून दाटसर लगदा व्हायला हवा. ते झाकण आणि मीटर शेजारी शेजारी झिपच्या पिशवीत ठेवा, पिशवी घट्ट बंद करा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी मीटरने ७५ दाखवायला हवं. ७१ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी ४ वाढवून वाचायचं, मीटरवर पेनने लिहूनच टाका.

साधारण १० ते १४ दिवस लागतात. ताज्या बडमध्ये तीन चतुर्थांशापेक्षा जास्त पाणीच असतं, ते सावकाश गेलं पाहिजे. चार दिवसांत खडखडीत वाळलं की वैरणीसारखा वास येतो आणि तो नंतर क्युअर करूनही नीट जात नाही, म्हणून ओव्हन, मायक्रोवेव्ह, हीटर, ऊन यातलं काहीही नको. रोज एकदा बघा. सगळ्यात जाड बड घ्या, मधोमध उघडा, आत करडं-तपकिरी किंवा कापसासारखं काही दिसलं, किंवा एखादं पान एकटंच मेलेलं आणि ओढलं की सहज निघून येतंय, तर ती ग्रे मोल्ड, म्हणजे करडी बुरशी आहे. तो भाग आणि आजूबाजूचं सगळं फेका. जाळलं की बुरशी मरते म्हणून चालतं असं काहीजण ठोकून देतात, नाही चालत, फुप्फुसाला ते धोक्याचं आहे आणि ज्यांची इम्युनिटी कमी आहे त्यांना तर फारच.

सुकलं कधी समजायचं? बारीक देठ वाकवला की टचकन मोडतो पण जाड देठ अजून वाकतो, बाहेरून बड कोरडा लागतो आणि दाबला तर किंचित स्प्रिंगसारखा वर येतो. मग ट्रिम करा, गार खोलीत, खाली ट्रे ठेवून, हलक्या हाताने. ट्रेमध्ये जी पांढरी पावडर पडते ती ट्रायकोमची डोकी असतात.

आता बरण्या. काचेच्या, घट्ट झाकणाच्या, आणि पाऊण भरायच्या, कोंबायचं नाही. प्लास्टिकची पिशवी नको, तिला राळ चिकटते, वास बाहेर झिरपतो आणि बड्स चेपतात. प्रत्येक बरणीत छोटा हायग्रोमीटर टाका, बंद करा आणि २४ तास थांबा, कारण आतलं पाणी बाहेर येऊन आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो, लगेच वाचलेला आकडा नेहमी कमीच असतो. मग आकड्याप्रमाणे वागायचं. ७० च्या वर असेल तर सगळं बाहेर काढा, परत पसरा, बरणीसाठी ते तयारच नव्हतं. ६५ ते ७० असेल तर झाकण काढून दोनतीन तास उघडं ठेवा. ५८ ते ६२ म्हणजे मस्त. ५५ च्या खाली गेलं तर ह्युमिडिटी पॅक (बरणीतली ओल ठरावीक ठेवणारी पुडी) टाकून मऊपणा येतो, पण उडून गेलेला वास काही पॅकमधून येणार नाही. अमेरिकेतल्या एएसटीएम या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने सुक्या फुलासाठी वॉटर ॲक्टिव्हिटी (मालातल्या मोकळ्या पाण्याचं माप) ०.५५ ते ०.६५ अशी दिलेली आहे, बंद बरणीतल्या ५५ ते ६५ टक्क्यांचा तोच अर्थ, म्हणजे हे आकडे कुणी हवेतून काढलेले नाहीत. संत्र्याची साल, ओली पोळी, भाजीचं पान असलं काही बरणीत टाकायचं नाही, बुरशी हमखास.

बर्पिंग, म्हणजे बरणी रोज उघडून हवा बदलायची. पहिला आठवडा दिवसातून एकदोनदा १० मिनिटं, दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि सुरुवातीला ते बरोबरच आहे. पण बरेच लोक हे महिनाभर पूजेसारखं करत बसतात, रोज उघडायचं, नाक घालायचं, वा वा म्हणायचं, आणि रोज थोडा थोडा माल हवेत. आकडा सलग तीनचार दिवस ६० ते ६२ वर बसला ना, मग आठवड्यातून एकदा मिनिटभर पुरे. झाकण उघडल्यावर अमोनियासारखा झणझणीत वास आला तर मात्र आत ओल जास्त आहे आणि बॅक्टेरिया कामाला लागलेत, लगेच सगळं बाहेर पसरा.

क्युअरिंगला किमान ३ ते ४ आठवडे द्या. या काळात हिरवा कच्चा वास हळूहळू बसतो आणि मूळ वास पुढे येतो. गांजाचा तो स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा उग्र वास कशाचा, तर २०२१ मध्ये छापून आलेल्या अभ्यासानुसार तो टर्पीनचा नाहीच, गंधक असलेल्या काही संयुगांचा आहे, अगदी कणभर असतात पण नाकात घुसतात, आणि क्युअरिंगनंतर साठवणीत ती भराभर कमी होतात. त्यामुळे महिन्याभराने उग्रपणा कमी वाटला तर तुमचं काही चुकलंय असं नाही.

साठवण साधी आहे, गार, अंधारी जागा, १५ ते २० डिग्री, पारदर्शक बरणी असेल तर कपाटात किंवा खोक्यात. १९७६ च्या एका जुन्या अभ्यासातही साठवणीत सगळ्यात जास्त नुकसान उजेडाने होतं असं निघालं होतं, अंधारात नीट ठेवलेला माल वर्षदोन वर्षं बऱ्यापैकी टिकतो, अर्थात ते नशा आणणाऱ्या टीएचसीबद्दल, वास त्याच्या आधीच उतरतो. फ्रीझरमध्ये ट्रायकोम ठिसूळ होतात, ठेवायचंच असेल तर बरणी हलवू नका आणि खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका, नाहीतर आत पाणी धरतं. रोजच्या वापराचं एका छोट्या बरणीत वेगळं काढा म्हणजे मोठ्या बरण्या सारख्या उघडाव्या लागत नाहीत. बरणीवर तारीख आणि जातीचं नाव लिहा, आणि घरात लहान मुलं किंवा कुत्रामांजर असेल तर कपाटाला कुलूप हवंच.