मूर्तिकाम शिकायचंय? आधी लोहाराकडे जा

नवीन पोरं शिकायला येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, हत्यारांचा कोणता सेट घेऊ?" मी सांगते, सेट घेऊच नकोस. आधी तुझ्या भागात काय मिळतं ते बघ. वऱ्हाडात काळा दगड आहे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सागवान, वाळूचा दगड आणि बोडीतली, म्हणजे छोट्या तळ्यातली, चिकण माती. हत्यार त्यावर ठरतं.

मी ब्रह्मपुरीकडची, सुताराच्या घरातली. माझा हात बसला तो तान्ह्या पोळ्याच्या (लहान पोरांच्या पोळ्याच्या) लाकडी नंद्यांवर, आणि आजही नवख्याला मी नंदीच करायला लावते. वाकसाने (सुताराच्या छोट्या कुदळीसारख्या हत्याराने) ठोकळ्याचा नको तो भाग उडवायचा, पटाशीने वशिंड आणि पाठ मोकळी करायची, मानेखाली गोल पटाशी फिरवायची. पटाशीवर ठोकायची मोगरी लाकडाचीच हवी, लोखंडी हातोडीने पटाशीची मूठ फुटते. खरी परीक्षा पायांशी असते. लाकडाची नस नंदीच्या लांबीत ठेवली तर पायात ती आडवी येते आणि पाय कटकन तुटतो. म्हणून पाय जाड ठेवायचे, नाहीतर उभ्या नसेचे वेगळे कोरून कुसू-साल करून, म्हणजे एकाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत घालून, बसवायचे. सुरुवात शिवणीवर करा, ती मऊ असते. सागवानात सिलिकाचे बारीक कण असतात, त्यामुळे त्यावर धार लवकर मरते.

धारेचं काम शिकायचं तर गावातल्या लोहाराच्या भात्याजवळ जाऊन बसा. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून तो जी पटाशी घडवतो ती बाजारातल्या स्वस्त सेटपेक्षा कितीतरी टिकते. आकार झाला की टोक लालबुंद करून बुडवतो. आता ते कडक असतं, पण ठिसूळही असतं. मग टोक घासून चकचकीत करतो आणि मागच्या बाजूने हळूहळू ताव देतो. तेव्हा नीट बघा: पोलादावर आधी फिकट पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. लाकडाच्या पटाशीला पिवळ्यावरच थांबवतात. निळ्यावर गेली तर धार मऊ पडते. दगडकामाची टाकी म्हणजे टोकदार छन्नी, तिचं फक्त टोक कडक करायचं, डोकं नाही. कडक डोक्यावर घाव बसला की कपची उडते, ती डोळ्यात जाऊ शकते. डोक्याच्या कडा ठोकून ठोकून पसरल्या असतील तर त्या वेळच्या वेळी घासून काढा.

पटाशीची धार साधारण 25 ते 30 अंशांवर ठेवतात. रोज काम सुरू करण्याआधी ती ऑइलस्टोनवर घासायची सवय लावून घ्या.

दगडात क्रम असा: घणाने फोड, टाकीने उतरवणं, दातेरी छन्नीने सारखं करणं, मग सपाट छन्नी आणि शेवटी पॉलिश पेपर. काळ्या दगडाला कार्बाइडच्या टोकाची छन्नी घ्या, साध्या पोलादाची पुन्हा पुन्हा पाजवावी लागते. वाळूचा दगड मऊ वाटतो, पण त्याची धूळ जास्त घातक, कारण तो बहुतांशी क्वार्ट्झचाच असतो. ती धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. गमछा बांधून भागत नाही. ग्राइंडर लावताना दगड ओला ठेवा, किमान एन-95 मास्क आणि चष्मा घाला. या बाबतीत मी कुणाचंच ऐकून घेत नाही.

मातीची हत्यारं सगळ्यात स्वस्त. बांबू तासून कोरण्या घरीच होतात, सायकलच्या स्पोकला वाकवून तारेची कोरणी बनते. शेतातली काळी माती मात्र घेऊ नका. ती पाण्याने फुगते, वाळताना आकसते आणि तडकते. बोडीतली चिकण माती भिजवून, गाळून, थोडी बारीक रेती घालून मळा. मोठ्या पुतळ्याला आत सळईचा सांगाडा लागतो. त्यावर तारेने लाकडाच्या छोट्या फुल्या लटकवायच्या, म्हणजे ओली माती स्वतःच्या वजनाने खाली घसरत नाही. काम भट्टीत भाजायचं असेल तर सांगाडा नको, आतून पोकळ ठेवा. जाड भरीव मातीत ओल राहिली की भट्टीत ती फुटते.

पोटापाण्याचं विचाराल तर मातीकामच जास्त कामी येतं. आपल्याकडे गाडगेबाबा, तुकडोजी महाराज, बाबासाहेब यांच्या अर्धपुतळ्यांना मागणी असते. सार्वजनिक जागी पुतळा बसवायचा तर त्याच्या क्ले मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते. म्हणजे चेहरा मातीत जमला नाही तर पुढचं साचाकाम, फायबर, ब्राँझ काहीच होत नाही.

पदवी करायची असेल तर शाळेतच एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षा देऊन टाका, बारावीनंतर दृश्यकलेच्या पदवीची प्रवेश परीक्षा (सीईटी) असते. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिल्पकलेचा स्वतंत्र विभाग आहे. तोवर चामोर्शीजवळ वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या देवळात एकदा जाऊन या. ऊन तिरपं असताना जा, वही-पेन्सिल घेऊन, आणि कुठे किती खोल कोरलंय ते सावलीवरून काढून बघा.